पाचवा साक्षीदार

‘विमानात वापरायला टॅब्लेट कुठला घेऊ?’ हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतो. मी मूळची साताऱ्याची, नोकरी सॉफ्टवेअरमधली, राहते कॅलिफोर्नियात. इथे आल्यावर खासगी वैमानिकाचं लायसन्स काढलं आणि आता सुट्टीच्या दिवशी भाड्याने मिळणारं सेस्ना १७२ उडवते. चार सीटचं, एका इंजिनाचं, जगभर शिकाऊ लोक ज्याच्यावर शिकतात ते विमान. ओळखीतली आणि ओळखीच्या ओळखीतली मराठी मुलं-मुली इथल्या फ्लाइंग स्कूलमध्ये नाव घालतात आणि दोन-तीन धडे झाले की मला मेसेज करतात. त्यांना मॉडेलचं नाव हवं असतं.

ते मी सांगते. पण हा नुसता खरेदीचा प्रश्न आहे असं मला आता वाटत नाही. जीपीएस असलेला टॅब्लेट निवडताना आपण नकळत एका फार जुन्या प्रश्नाचं उत्तर देत असतो: एखाद्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा हक्क मला कधी मिळतो? आणि शेजारच्या सीटवर दुसरं कुणी बसलेलं असेल, तर तो हक्क मी त्याच्या वतीनेही वापरू शकते का?

*

विमान राहू द्या, आधी तुमच्या हातातला फोन बघा. गूगल मॅप्स उघडलं की निळा ठिपका दिसतो. त्याच्याभोवती कधीकधी फिकट निळं वर्तुळ असतं. बहुतेकांचं तिकडे लक्ष जात नाही, पण त्या पडद्यावरची सगळ्यात प्रामाणिक गोष्ट तीच आहे. ठिपका म्हणतो, ‘तू इथे आहेस.’ वर्तुळ म्हणतं, ‘या घेरात कुठेतरी आहेस, याहून जास्त मला माहीत नाही.’

आता मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर या. भाताणच्या बोगद्यात शिरलात की डोक्यावर आकाश नसतं, उपग्रहांचे सिग्नल पोचत नाहीत. तरी पडद्यावरची तुमची खूण पुढे सरकत राहते. आधीचा वेग आणि रस्त्याचा नकाशा यांवरून केलेला तो अंदाज असतो. तो बहुधा बरोबरच निघतो, कारण बोगद्यात गाडीला दुसरीकडे जायला वाटच नसते. पण गंमत अशी की, पडद्यावर अंदाज आणि ज्ञान अगदी सारखेच दिसतात. रंग तोच, आत्मविश्वास तोच.

शिवाय आपण कुठे आहोत हे कळणं आणि तिथे काय आहे हे कळणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जानेवारी २०२१ मध्ये अकोले तालुक्यात एक कार रात्री मॅप्सने दाखवलेल्या रस्त्याने थेट धरणाच्या पाण्यात गेली आणि चालवणारा दगावला. रस्ता पाण्याखाली गेला होता. ठिपक्याला गाडीची जागा माहीत होती. नकाशाला पाणी माहीत नव्हतं.

रस्त्यावर निदान ब्रेक असतो. शंका आली की गाडी बाजूला घेता येते, टपरीवर विचारता येतं. विमानाला हवेत बाजूला उभं करता येत नाही. शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटर वेगाने ते पुढे जात असतं आणि तुम्हाला शंका आली म्हणून डोंगर थांबत नाही.

*

आता खरेदीचं सांगते, कारण तिच्यातच पुढच्या विचाराचं बी आहे.

आयपॅड दोन प्रकारचा मिळतो: फक्त वाय-फायवाला आणि सेल्युलरवाला. पहिल्यात जीपीएसचा रिसीव्हरच नसतो. दुसऱ्यात असतो आणि तो चालायला सिमकार्ड किंवा डेटा प्लॅन लागत नाही. काही अँड्रॉइड टॅब्लेटमध्ये नुसत्या वाय-फाय मॉडेललाही जीपीएस असतं, म्हणून तपशिलाच्या पानावर तो शब्द शोधायचा, गृहीत धरायचा नाही. फक्त वाय-फायवाला आयपॅड आधीच घरात असेल तर ब्लूटूथने जोडायचा वेगळा जीपीएस रिसीव्हर मिळतो, तोही चालतो.

यातला सापळा मात्र भारी आहे. जीपीएस नसलेला आयपॅड घरी उघडा, तो तुमची इमारत बरोबर दाखवतो! आसपासच्या वाय-फाय राउटरांच्या यादीवरून त्याने ती जागा ओळखलेली असते. तुम्ही म्हणता, ‘चाललं की!’ परीक्षा पास. मग विमान वर जातं, राउटर खाली राहतात आणि टॅब्लेटला काही सुचेनासं होतं. जिथे गरज नव्हती तिथे तो हुशार होता. जमिनीवर घेतलेली ती परीक्षा चुकीच्या विषयाची होती.

दुसरी गोष्ट, ऊन. ॲपल सांगते की आयपॅड शून्य ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात वापरावा. इथल्या सेंट्रल व्हॅलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो आणि विमानाच्या काचेमागे, मांडीवर, थेट उन्हात ठेवलेल्या काळ्या पडद्याचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. एका क्षणी नकाशा जातो आणि ‘थंड होऊ द्या’ अशा अर्थाची सूचना येते. म्हणून टॅब्लेट सावलीत बसवायचा, मागून हवा लागू द्यायची, जाड कव्हर काढून ठेवायचं.

बाकी नियम छोटे आहेत. हवेत इंटरनेट धरून चालायचं नाही, म्हणून लागतील ते सगळे नकाशे निघण्यापूर्वी उतरवून घ्यायचे. ते ताजे आहेत का ते बघायचं; विमानवाहतुकीचा डेटा जगभर २८ दिवसांच्या चक्राने बदलतो. ऑपरेटिंग सिस्टिमचं नवं व्हर्जन उड्डाणाच्या आदल्या रात्री टाकायचं नाही. पॉवर बँक जवळ ठेवायची. आकार मांडीवर मावेल एवढाच घ्यायचा.

एवढं सांगून मी थांबू शकते. बहुतेकांना एवढंच हवं असतं.

*

पण विमानशास्त्रात एक शब्द आहे, तो मला थांबू देत नाही.

नेव्हिगेशनची कुठलीही यंत्रणा चार कसोट्यांवर तपासतात. ती किती अचूक आहे, मध्येच तुटत नाही ना, हवी तेव्हा मिळते ना, या तीन कसोट्या कुणालाही सुचतील. चौथीचं नाव आहे ‘इंटेग्रिटी’. हा शब्द माणसांच्या चारित्र्यासाठीचा, पण अभियंत्यांनी त्याला काटेकोर अर्थ दिला आहे: यंत्रणेवर भरवसा ठेवणं धोक्याचं झालं, की तिने ते ठरावीक वेळेच्या आत स्वतःहून सांगितलं पाहिजे.

मराठीत याला ‘सचोटी’ हाच शब्द शोभतो. आपण सचोटीचा व्यापारी कुणाला म्हणतो? ज्याचा तराजू कधीच बिघडत नाही त्याला नव्हे. तराजू तर कुणाचाही बिघडतो. बिघडला की गिऱ्हाइकाने ओरडण्याच्या आधी जो स्वतः सांगतो, त्याला.

जीपीएसचे उपग्रह पृथ्वीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि आपली वेळ सांगत राहतात. सिग्नल यायला किती वेळ लागला त्यावरून तुमचा रिसीव्हर अंतर काढतो. प्रकाश एका मायक्रोसेकंदात सुमारे ३०० मीटर जातो, त्यामुळे घड्याळात तेवढी चूकही परवडत नाही. तुमची जागा तीन आकड्यांत सांगायची, शिवाय रिसीव्हरच्या स्वस्त घड्याळाची चूक हा चौथा अज्ञात आकडा. चार अज्ञात, म्हणून उपग्रह किमान चार लागतात.

पण त्या चारांतला एक चुकीचं सांगत असेल तर? गणित तरीही सुटतं. उत्तर तरीही येतं. ठिपका तरीही दिसतो. चारच साक्षीदार असले की कोण खोटं बोलतोय हे राहू द्या, कुणी खोटं बोलतोय हेच कळायला मार्ग नसतो. पाचवा उपग्रह दिसू लागला की पहिल्यांदा विसंगती पकडता येते. सहावा असेल तर नेमका खोटारडा कोण, हे ओळखून त्याला बाजूला काढता येतं. विमानात कायमचं बसवलेलं, प्रमाणित जीपीएस हे काम सतत करत असतं आणि हिशेब जुळला नाही की वैमानिकाला इशारा देतं. याशिवाय अमेरिकेत वॉस आणि भारतात इस्रो व विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली ‘गगन’ अशा यंत्रणा आहेत. त्यांची जमिनीवरची केंद्रं उपग्रहांवर पहारा ठेवतात. वॉसमध्ये गडबड कळल्यापासून विमानाला इशारा पोचायची मुदत सहा सेकंदांच्या आसपास आहे. २८ एप्रिल २०२२ रोजी राजस्थानात किशनगढला इंडिगोचं एटीआर विमान ‘गगन’च्या मदतीने उतरलं, ते याच भरवशावर.

आपल्या टॅब्लेटचं काय? निरभ्र दिवशी तो मला काही मीटरच्या आत माझी जागा सांगतो. अचूकतेत तो महागड्या यंत्राच्या जवळपास बसतो. पण खात्री उरली नाही तर सहा सेकंदांत सांगेन, असं वचन त्याने कुणालाही दिलेलं नाही. तो बहुतेक वेळा बरोबर असतो, एवढंच. म्हणून तो प्रमाणित नेव्हिगेशन यंत्राची जागा घेऊ शकत नाही. त्याने वैमानिकाला मदत करावी, एवढीच अपेक्षा असते.

याच्या उलट टोकाला विमानातलं सगळ्यात जुनाट यंत्र बसलेलं आहे: होकायंत्र. ते डुगडुगतं, वळताना भलतंच दाखवतं, इंजिन आणि रेडिओच्या चुंबकत्वाने भरकटतं. पण त्याच्यापाशी एक छोटं कार्ड चिकटवलेलं असतं. अमुक दिशेला जायचं तर माझ्यावर तमुक आकडा धर, असं त्यावर लिहिलेलं असतं. आपल्या चुकांची यादी गळ्यात घालून फिरणारं यंत्र! अचूकतेत ते टॅब्लेटच्या पासंगालाही पुरणार नाही. सचोटीत मात्र मी त्याला वरचा नंबर देईन.

*

या प्रश्नावर आपल्याकडे फार पूर्वी कसून वाद झालेला आहे.

न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं सांगितली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे दुसऱ्याचं सांगणं, पण कुणाही दुसऱ्याचं नव्हे, आप्ताचं. आज ‘आप्त’ म्हटलं की आपल्याला नातेवाईक आठवतात. न्यायसूत्रांवर भाष्य लिहिणाऱ्या वात्स्यायनाच्या लेखी त्याचा अर्थ वेगळा होता. ज्याने गोष्ट स्वतः नीट जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ असो, लक्षण एकच. मला ही व्याख्या अतिशय आवडते. तिच्यात जात नाही, पद नाही, ब्रँड नाही. दोनच अटी आहेत: माहीत असणं आणि सरळ सांगणं.

टॅब्लेट पहिली अट बहुतेक वेळा पाळतो. दुसरीपाशी अडचण येते, कारण त्याला इच्छा नसते. इच्छा असते ती त्याला घडवणाऱ्यांची, आणि पडदा गुळगुळीत दिसावा, वापरणाऱ्याला अडखळल्यासारखं वाटू नये, ही त्यांची मोठी इच्छा. अडखळणं हेच प्रामाणिक उत्तर असतं अशा क्षणी ही इच्छा आड येऊ शकते.

दुसरा वाद आणखी जवळचा. ज्ञान खरं आहे हे कशावरून ठरतं? मीमांसक म्हणाले, ज्ञान झालं की ते मुळात खरंच धरायचं. ते खोडून काढणारं काही पुढे आलं, तरच सोडायचं. नैयायिक म्हणाले, ज्ञानाचा खरेपणा बाहेरून तपासावा लागतो, आणि मुख्य तपासणी म्हणजे त्यावरून केलेली कृती यशस्वी होते का. पाणी दिसलं, गेलो, तहान भागली. म्हणजे ते पाणीच होतं, मृगजळ नव्हतं.

दोघांनाही विमानात बसवून बघा. नैयायिकाची पंचाईत होते. ‘जाऊन बघू’ ही तपासणी आकाशात फार महाग पडते. ढगापलीकडे खिंड आहे की कडा, हे आपटून तपासता येत नाही. मीमांसकाचंही सोपं नाही. खोडून काढणारं काही समोर आलं नाही, हे ठीक. पण तुम्ही पडद्यावरून मान वर केलीच नाहीत तर ते समोर येणार कसं?

म्हणून मी दोघांकडून थोडं थोडं घेते. सुरुवात मीमांसकासारखी करते: टॅब्लेट खरं सांगतोय असं धरते, नाहीतर पायच हलणार नाही. पण त्याला खोडून काढील असं काहीतरी मी मुद्दाम शोधत राहते. निघण्याआधी कागदी नकाशावर रेघ मारते, कुठली खूण किती मिनिटांनी यायला हवी ते लिहून ठेवते. दर पंधरा मिनिटांनी होकायंत्र बघून दिशादर्शक चक्राची तबकडी जुळवते, कारण ते चक्र हळूहळू सरकतं. कालवा उजवीकडे यायला हवा, आला का? शोधूनही विरोधी पुरावा सापडला नाही, तर माझा विश्वास कमावलेला. शोधलाच नाही, तर तो फुकट घेतलेला.

*

विश्वास फुकट घेण्यात बिघडलं काय? विमान तर उतरतंच ना?

१८७७ साली विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने ‘द एथिक्स ऑफ बिलीफ’ नावाचा निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय, दुरुस्ती हवी, हे त्याला आतून माहीत असतं. पण खर्च नको असतो. मग तो मनाची समजूत घालतो: इतक्या सफरींतून ते सुखरूप आलंय, आताही येईल. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं. जहाज प्रवाशांसकट बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो. क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता हा बचाव होऊ शकत नाही, कारण समोरच्या पुराव्यावरून तसा विश्वास ठेवायचा त्याला हक्कच नव्हता. मग तो पुढचा, खरा अस्वस्थ करणारा प्रश्न टाकतो: समजा जहाज बुडालं नसतं तर? मालक तितकाच दोषी, असं त्याचं उत्तर आहे. फक्त त्याचा दोष कुणाला कळला नसता. क्लिफर्ड स्वतः १८७० साली सिसिलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं त्यातून वाचलेला माणूस होता, हे लक्षात घेतलं की या उदाहरणाचं वजन वाढतं.

मागच्या वर्षी आई सहा महिने इकडे होती. तिला पाचेको खिंडीवरून सेंट्रल व्हॅलीकडे नेलं. अंबाड्यावर हेडसेट बसेना म्हणून तिने अंबाडा सोडून वेणी घातली. खिंड ओलांडल्यावर सॅन लुइसचा प्रचंड जलाशय दिसला तेव्हा म्हणाली, “केवढं गं हे पाणी, कोयनेएवढं!” त्याव्यतिरिक्त तिने काही विचारलं नाही. आपण कुठे आहोत हे तुला कशावरून कळतं, हे यंत्र चुकलं तर काय, एक शब्द नाही. पोटच्या पोरीवरचा विश्वास पुरावे मागत नाही.

तेच मला जड गेलं. ती विश्वास ठेवत होती माझ्यावर. मी ज्याच्यावर ठेवते त्यावर आपोआप तीही ठेवत होती: टॅब्लेटवर, त्यातल्या ॲपवर, २०,२०० किलोमीटरवरच्या घड्याळांवर. तिला ती साखळी दिसतच नव्हती. अमेरिकेचा नियम या बाबतीत स्वच्छ आहे: विमान चालवण्याची जबाबदारी थेट मुख्य वैमानिकाची, आणि उड्डाणापूर्वी त्या उड्डाणाविषयी उपलब्ध असलेली सगळी माहिती करून घेणं त्याचं काम. साखळी कितीही लांब असो, कायद्याच्या लेखी ती माझ्या सीटपाशी संपते.

त्या दिवशी टॅब्लेट अखेरपर्यंत बरोबर होता. आम्ही सुखरूप उतरलो. पण क्लिफर्ड खरा असेल, तर मी बरोबर वागले की नाही याचा निकाल सुखरूप उतरण्याने लागत नाही. जलाशय लिहून ठेवलेल्या मिनिटाला समोर आला की नाही हे मी पाहिलं होतं का, यावर तो लागतो. मी पाहिलं होतं. आईला ते कधी कळणार नाही, पण तिच्या विश्वासाची किंमत मला तिथेच चुकवायची होती.

*

यावर माझे तरुण मित्र दोन आक्षेप घेतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला: हे सगळं जुन्या पिढीचं यंत्रभय आहे. कागदी नकाशांच्या काळात लोक कमी चुकायचे का? मुळीच नाही. १९३२ साली जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल घेऊन आले, त्या पुस मॉथ विमानात रेडिओसुद्धा नव्हता. ते धाडस मोठं होतं, पण मला त्या काळाचा हेवा वाटत नाही. आणि जीपीएस सगळ्यांना खुलं होण्यामागे एक मोठी दुर्घटना आहे. १ सप्टेंबर १९८३ रोजी कोरियन एअरलाइन्सचं ००७ हे विमान मार्ग सोडून सोव्हिएत हद्दीत गेलं आणि पाडलं गेलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर त्याच महिन्यात अमेरिकेने जाहीर केलं की, जीपीएस पूर्ण झाल्यावर ते नागरी वापरासाठी खुलं करू. तेव्हा जीपीएस मिळत असताना हट्टाने ते न वापरणं, हाही मी बेजबाबदारपणाच मानते. पण त्याच अपघाताचा दुसरा अर्थ विसरू नये. त्या विमानात दिशा सांभाळणारी चांगली यंत्रणा होती. नंतरच्या चौकशीत निघालेला निष्कर्ष असा की, ऑटोपायलट तिच्याशी जोडला गेलाच नव्हता आणि हे कित्येक तास कुणाच्या ध्यानात आलं नाही.

दुसरा आक्षेप: तपासायचं तरी किती? टॅब्लेट तपासायला नकाशा, नकाशा तपासायला आणखी काही, याला अंत नाही. मीमांसकांनीही नैयायिकांना हेच ऐकवलं होतं. माझं उत्तर असं: साक्षीदार पुष्कळ नकोत, स्वतंत्र हवेत. एकाच कंपनीचे, एकच ॲप असलेले दोन टॅब्लेट म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत. एकाचीच दोनदा घेतलेली साक्ष. ऊन दोघांना एकदम लागतं. सिग्नलमध्ये कुणी अडथळा आणला तर दोघे एकदम जातात. हे काल्पनिक नाही. एप्रिल २०२४ मध्ये जीपीएसमधल्या अडथळ्यांमुळे फिनएअरने एस्टोनियातल्या तार्तूची उड्डाणं काही आठवडे थांबवली. भारतात डीजीसीएने नोव्हेंबर २०२३ मध्येच अशा अडथळ्यांबाबत सूचना काढल्या. सिग्नल दाबून टाकणं एक वेळ बरं, कारण ठिपका जातो आणि गेलेला कळतो. खोटा सिग्नल पाठवला तर ठिपका दिमाखात भलतीकडे उभा राहतो.

खिडकीबाहेरचा कालवा मात्र कुणाच्या सिग्नलवर चालत नाही. घड्याळ आणि होकायंत्रही नाही. एक अंशाची दिशाचूक साठ मैलांनी एक मैल होते, हा हिशेब करायला पेन्सिल पुरते. म्हणजे सचोटीने विश्वास ठेवणं हे श्रीमंतांचं काम नाही. ज्याला महागडा रिसीव्हर परवडत नाही त्याचाही पाचवा साक्षीदार असू शकतो. त्याला पैसे कमी लागतात, लक्ष जास्त लागतं. आणि लक्ष हीच आज सगळ्यात टंचाईची गोष्ट आहे.

हे फक्त वैमानिकांपुरतं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री चॅटबॉटला विचारलेला प्रश्न असो, औषधाचा डोस सर्च करणं असो की फॅमिली ग्रुपवर आलेला व्हिडिओ पुढे ढकलणं असो, विचारायचं एकच आहे: याला माहीत नसेल तेव्हा हा मला तसं सांगतो का? आणि सांगत नसेल, तर मी दुसऱ्या कुठल्या वाटेने पडताळलं? स्वतःपुरतं असेल तर ज्याचं तो बघेल. पुढे ढकललं, की कुणीतरी तुमच्या शेजारच्या सीटवर येऊन बसलेलं असतं.

एक गोष्ट मला अजून पूर्ण सुटलेली नाही: शेजारच्याला किती सांगावं. सगळं सांगितलं तर तो घाबरेल, काहीच नाही सांगितलं तर त्याचा विश्वास आंधळा राहील. सध्या मी एवढं करते: इंजिन सुरू करण्यापूर्वी नकाशा त्याच्या हातात देते आणि माझ्या रेघेवरच्या दोन खुणा दाखवते. हा कालवा, हा हमरस्ता. म्हणते, “हे दिसले की मला सांगायचं. वेळेवर दिसले नाहीत तर ते आधी सांगायचं, मी बोलत असले तरी मध्येच तोडून.” लोक मन लावून बाहेर बघतात. कधी माझ्याआधी त्यांनाच कालवा दिसतो.